मिनिटे की सेकंद? : पुण्याहून अँटवर्पला गेलेला पहिला भारतीय ऑलिंपिक संघ

१/
खाशाबा जाधवांचे १९५२चे हेलसिंकीतील कांस्यपदक सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या ३२ वर्षे आधी सहा खेळाडूंचा पहिला भारतीय संघ ऑलिंपिकला गेला. त्या संघाची कल्पना रुजली पुण्यात.

२/
१९१९ साली डेक्कन जिमखान्यावर क्रीडास्पर्धा भरल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारे बहुतेक शेतकरी होते आणि अनवाणी धावत होते. त्यांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळालेले नव्हते, तरीही त्यांचा वेग युरोपीय धावपटूंच्या जवळपास जाणारा होता, हे दोराबजींनी हेरले.

३/
मग ऑलिंपिकचा विचार सुरू झाला. १०० मीटर धावण्यास किती वेळ पुरेसा मानावा, असा प्रश्न समितीत निघाला. एका प्रमुख सदस्याचे उत्तर होते : एक ते दोन मिनिटे! हा हिशेब सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या अंशांचा असतो, हे ऐकून ते थक्क झाले. पायांत बळ होते. उणीव होती ती मोजमापाची, नियमांची आणि सरावाची.

४/
पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धात होरपळलेल्या बेल्जियमला १९२०च्या स्पर्धांचा मान मिळाला. पराभूत जर्मनीला निमंत्रणच नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो याच अँटवर्पमध्ये. खेळाडूंची शपथही येथूनच सुरू झाली.

५/
भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. तरी संघ उतरला तो 'भारत' या नावाने. त्यात चार धावपटू आणि दोन मल्ल होते. दोराबजींनी खर्चासाठी पदरचे पैसे घातले.

६/
बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या सुमारे १०७ फेऱ्या. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि १९वा क्रमांक मिळवला. विजेता, फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, त्यांच्यापुढे सुमारे १८ मिनिटे होता.

७/
कुस्तीत रणधीर शिंदे फेदरवेट गटात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या बर्नार्डने त्यांना हरवले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. हे पदक हुकले नसते, तर खाशाबांचा मान ३२ वर्षे आधीच शिंद्यांकडे गेला असता.

८/
संघ रिकाम्या हाताने परतला, पण वाट मोकळी झाली. १९२४ साली भारतीय संघ पॅरिसला गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले दोराबजी टाटा. पदकतालिकेत अँटवर्पच्या या सहा जणांची नावे सापडत नाहीत. भारताच्या ऑलिंपिक इतिहासाचे पहिले पान मात्र त्यांचेच आहे.