गिनी पिगला रोज काय खायला द्यावं?

गिनी पिग भाकरी, भिजवलेले हरभरे, बिस्किटं आवडीने कुरतडतो. पण तो त्याचा आहार नाही.

गवत: त्याचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजावेत आणि पचन चालू राहावं म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. आहारात सुमारे ८० टक्के वाटा गवताचाच असावा. फवारणी न केलेली, धुतलेली हराळीही चालते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं. तो पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, इतरांना रोज दिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. नांदेड-लातूरकडे ज्वारी सहज मिळते, पण कोवळी हिरवी ज्वारी गुरांनाही विषबाधा करते. ती देऊ नका.

क जीवनसत्त्व: माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीर ते तयार करत नाही. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. काही आठवडे मिळालं नाही तर स्कर्व्ही होऊन सांधे दुखतात, प्राणी लंगडतो, दगावूही शकतो. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर द्या. पाण्यात टाकलेले थेंब लवकर निकामी होतात. सशाच्या खाद्यावर विसंबू नका.

कांदा, लसूण, बटाटा, दूध टाळा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर लगेच पशुवैद्यांकडे न्या.