छडीची सनद

छडीवांचून विद्या नाहीं, हा समज केवळ आपल्याच देशांतला नव्हे. युरोपच्या उत्तरेस असलेल्या स्वीडनमध्यें तर त्याला कायद्याची सनद होती. ती सनद कशी काढून घेण्यांत आली, तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

एके काळीं तेथील घरधन्याला पत्नी, नोकर व मुलें या तिघांनाहि मारण्याचा अधिकार असे. एकोणिसाव्या शतकांत पत्नीची त्यांतून सुटका झाली; पुढें नोकराचीहि झाली. मूल तेवढें उरलें. मोठें माणूस निदान गाऱ्हाणें तरी मांडूं शकतें. मुलानें गाऱ्हाणें ज्याच्याकडे न्यावयाचें, मारणारा तोच!

१९४९ सालीं पालकांविषयींच्या कायद्यांतून 'शिक्षा' हा शब्द गेला व त्याच्या जागीं 'समज देणें' असा सौम्य शब्द आला. १९५७ मध्यें मुलाला किरकोळ इजा करणाऱ्या पालकास दंडसंहितेंत असलेलें संरक्षण गेलें. १९५८ मध्यें प्राथमिक शाळांतील छडी बंद झाली, आणि १९६६ मध्यें 'समज देणें' हेंहि कलम वगळलें गेलें. सनद फाटली होती; परंतु 'मारूं नये' असें मात्र कोठेंच लिहिलेलें नव्हतें. १९७५ सालीं तीन वर्षांच्या मुलीला मारल्याचा आरोप असलेला एक बाप निर्दोष सुटला. त्यानें शिक्षेची मर्यादा ओलांडल्याचें सिद्ध झालें नाहीं! कायद्याच्या पुस्तकांतून गेलेला अधिकार न्यायासनापुढें जिवंतच होता.

या घटनेनें लोकमत खवळलें. १९७७ मध्यें बालकांच्या हक्कांसाठीं समिति नेमण्यांत आली. मार्च १९७९ मध्यें संसदेनें २५९ विरुद्ध ६ मतांनीं मनाई मंजूर केली, व १ जुलैपासून ती अमलांत आली. पालकांना मारण्याची संपूर्ण मनाई करणारा स्वीडन हा जगांतील पहिला देश होय.

या कलमांत शिक्षा मुळींच सांगितलेली नाहीं. गंभीर मारहाणीसाठीं दंडसंहिता होतीच. नव्या कलमाचा रोख मनावर होता. म्हणून सरकारनें मुलें असलेल्या घरोघरीं माहितीपुस्तिका धाडली, आणि दुधाच्या खोक्यांवरहि ही वार्ता छापविली. न्याहारीच्या वेळीं आईबाप व मुलें तीच ओळ एकत्र वाचीत!

आदल्याच वर्षीं, १९७८ मध्यें, स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनीं फ्रँकफुर्ट येथें शांतता पारितोषिक स्वीकारतांना एक हकीकत सांगितली होती. एका आईनें मुलाला शिक्षेसाठीं बागेंतून फोक आणावयास पाठविलें. मूल रडत परतलें. फोक सांपडला नव्हता. त्यानें आईपुढें दगड धरला व हा मला फेकून मार, असें सांगितलें. आईला दुखवावयाचेंच असेल, तर दगडहि चालेल, असा त्याचा सरळ हिशेब! आईला रडूं कोसळलें. तो दगड तिनें स्वतःला आठवण म्हणून स्वयंपाकघरांतील फळीवर ठेवला.

आज साठांहून अधिक देशांनीं स्वीडनचा मार्ग धरला आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील छडी निषिद्ध केली. परंतु घराच्या उंबरठ्याशीं तो कायदा थांबतो. उंबरठ्याच्या आंत, श्रोतेहो, तूर्त आपलाच हात आहे, आणि आपलाच विवेक.