ताऱ्यांची धग कशी मोजली गेली

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एका हिवाळ्याच्या रात्रीं वरच्या वर्गांतील मुलांना नक्षत्रें दाखविण्यासाठीं मी गांवाबाहेरच्या माळावर गेलों होतों. मृग नक्षत्रांतील तांबूस काक्षीकडे बोट दाखवून मीं सांगितलें, "हा तारा निखाऱ्यासारखा लाल आहे, तेव्हां शेजारच्या निळसर राजन्याहून तो अधिक तप्त असला पाहिजे." मुलांनीं माना डोलावल्या. एक मुलगा मात्र म्हणाला, "गुरुजी, आमच्या भट्टींत लोखंड आधीं लाल होतें, मग पिवळें आणि शेवटीं पांढरें. लाल म्हणजे नुकतेंच तापूं लागलेलें." तो लोहाराचा मुलगा होता. 'आकाशांतल्या गोष्टी निराळ्या' असें कांहींसें पुटपुटून मीं विषय बदलला. चूक माझी होती, आणि ती मला फार उशिरां उमगली. आजचें भाषण एका परीनें त्या चुकीचें परिमार्जन आहे.

माझ्यासारख्या मास्तराची चूक क्षम्य मानली, तरी या विषयांत थोरामोठ्यांचेंही अनुमान फसलेलें आहे. ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानें १८३५ सालीं असें लिहून ठेविलें कीं, ताऱ्यांचे रासायनिक घटक आणि त्यांचें खरें तपमान या गोष्टी मनुष्याला कधींच कळणार नाहींत. कोंत १८५७ सालीं वारला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं हायडेलबर्ग येथें किर्खोफ आणि बुन्सेन यांनीं दाखवून दिलें कीं, प्रकाशाचा वर्णपट पसरला म्हणजे त्यांतील रेषांवरून तो प्रकाश कोणत्या द्रव्यांतून आला हें ओळखतां येतें. ज्या दाराला कोंतनें कायमचें कुलूप ठोकलें होतें, त्याची किल्ली अशी सांपडली.

तपमानाचा पहिला अंदाज रंगावरूनच आला. पदार्थ जितका अधिक तापावा, तितका त्याच्या प्रकाशाचा जोर तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ वीन यानें १८९३ सालीं गणितांत बसविला. लोहाराच्या पोराला तो भट्टीपुढें बसूनच ठाऊक झाला होता! केल्विन मापानें लालसर काक्षीचा पृष्ठभाग सुमारें ३,५०० अंश तप्त आहे. आपला सूर्य ५,८०० अंशांच्या जवळपास. शुभ्र व्याध १०,००० अंशांच्या आसपास. आणि ज्याला मीं थंड ठरविलें तो राजन्य सुमारें १२,००० अंशांचा आहे.

परंतु रंगाची ही कसोटी एका मर्यादेपलीकडे लंगडी पडते. तारा अतितप्त झाला म्हणजे त्याच्या तेजाचा बहुतेक भाग अतिनील किरणांत जातो. ते किरण डोळ्यांना दिसत नाहींत, आणि पृथ्वीचें वातावरण त्यांना खालीं येऊंही देत नाहीं. वीस हजार अंशांचा तारा काय आणि लाख अंशांचा तारा काय, दोघेही डोळ्यांना सारखेच निळसर पांढरे दिसतात. तेथें रेषांनाच साक्षीस बोलवावें लागतें.

ही साक्ष प्रथम १८६७ सालीं मिळाली. पॅरिसच्या वेधशाळेंत शार्ल वोल्फ आणि जॉर्ज राये यांना हंस तारकासमूहांत तीन अंधुक तारे असे आढळले कीं, ज्यांच्या वर्णपटांत नेहमींच्या काळ्या रेषांऐवजीं रुंद, तेजस्वी पट्टे होते. अशा ताऱ्यांना पुढें 'वोल्फ-राये तारे' हें नांव पडलें. चार वर्षांनीं, १८७१ च्या डिसेंबरांतील खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं रोमचे ज्योतिषी रेस्पिघी हिंदुस्थानांत आले होते. दक्षिणेकडील नौका तारकासमूहांतील एका ठळक ताऱ्याच्या वर्णपटांत त्यांना तसेच तेजस्वी पट्टे दिसले. नुसत्या डोळ्यांनीं सहज दिसणारा या जातीचा हा तारा अशा रीतीनें आपल्या भूमीवरून ओळखला गेला.

पण या रेषांचा अर्थ काय? १८९६ सालीं हार्वर्डच्या पिकरिंग यांना त्याच नौकेंतील दुसऱ्या एका निळ्या ताऱ्यांत अपरिचित रेषांची एक मालिका सांपडली. त्यांनीं ती हायड्रोजनची मानली. १९१३ सालीं नील्स बोर यानें दाखविलें कीं, ती हायड्रोजनची नसून एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची आहे. हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटण्यास मोठी उष्णता लागते. म्हणजे त्या अनोळखी रेषा प्रचंड तापाची खूणच होत्या!

या खुणेवरून अंश मोजण्याचें गणित मात्र कोणाजवळ नव्हतें. तें दिलें आपल्या मेघनाद साहा यांनीं. डाक्का जिल्ह्यांतील एका खेड्यांत, सामान्य दुकानदाराच्या घरीं जन्मलेल्या या तरुणानें १९२० सालीं सूत्र मांडलें. कोणत्या तपमानास आणि किती दाबाखालीं कोणत्या मूलद्रव्याचे किती अणु इलेक्ट्रॉन गमावतील, हें त्यावरून काढतां येतें. तोंवर रेषा नुसत्या द्रव्याचें नांव सांगत. साहांच्या सूत्रानें त्या ताप सांगूं लागल्या. १९२५ सालीं सिसिलिया पेन या विदुषीनें हेंच सूत्र हार्वर्डच्या वर्णपटांना लावून ताऱ्यांच्या वर्गांचीं तपमानें निश्चित केलीं.

आतां सर्वांत तप्त तारा कोणता, या प्रश्नाकडे वळूं. १९७१ सालीं सँड्युलीक या ज्योतिषानें वोल्फ-राये ताऱ्यांपैकीं कांहीं अगदीं विरळे तारे निवडून काढले. त्यांच्या वर्णपटांत पांच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या रेषा ठळक आहेत. त्यांतील धनु राशींतील 'डब्ल्यू. आर. १०२' या ताऱ्याचें तपमान सुमारें २ लक्ष अंश येतें, सूर्याच्या पस्तीसपट! एके काळच्या महाकाय ताऱ्याचीं बाहेरचीं आवरणें वाऱ्यासारखीं उडून गेलीं आहेत, आणि आपल्याला दिसतो तो उघडा पडलेला गाभा. अशा ताऱ्यांचें आयुष्य संपत आलेलें असतें. इंधन संपून विझत चाललेल्या श्वेत बटूंपैकीं कांहीं थोडे २ लक्ष अंशांच्याही पुढें जातात. पण ती मेलेल्या ताऱ्याची राखेंतली धग होय. एवढें असूनही यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. जें डोळ्यांत भरतें तेंच अधिक तप्त, हा समज येथेंही खोटा ठरतो.

श्रोतेहो, फेब्रुवारीच्या अखेरीस रात्रीं साडेनवाच्या सुमारास दक्षिण क्षितिजाकडे पाहावें. अगस्त्य कोणालाही ओळखतां येईल. त्याच्या डावीकडे, किंचित् वर, रेस्पिघींचा तारा आहे. आणि त्याच्या सरळ वर कांहीं अंशांवर पिकरिंगांचा. दोन्ही शांत, पांढरे दिसतील. घरांतील मुलांना ते दाखवा, आणि मुलांनीं उलट प्रश्न केला तर माझ्यासारखा विषय बदलूं नका. त्या लोहाराच्या मुलाला माझें उत्तर द्यावयाचें राहून गेलें. तो कोठेंही असो, आज त्याला मी सांगतों, "बाळ, तुझें बरोबर होतें."