बुराडीचा घाट आणि भाऊंवरील शेरा

नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन राहिलेल्या मराठी माणसास बसच्या पाटीवर बुराडी हे नाव प्रथम दिसते, तेव्हा तो क्षणभर थबकतो. आम्हीही असेच थबकलो होतो. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या याच घाटावर दत्ताजी शिंदे पडले. आज तेथे दाट वस्ती आहे. त्या दिवसाचे मागे उरले आहे ते एक उत्तर. घायाळ दत्ताजींस कुतुबशहाने केलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेले उत्तर आपणांपैकी बहुतेकांस शाळेपासून पाठ आहे. ते आपल्याला दिले भाऊसाहेबांच्या बखरीने.

बखरकाराने येथे काय साधले, ते पाहण्यासारखे आहे. दत्ताजी शूर होते, असे विशेषण लावून तो मोकळा होत नाही. शेवटच्या क्षणी माणूस काय बोलला, एवढेच तो सांगतो. आणि तेही मराठीत नव्हे, तर शत्रूस कळेल अशा हिंदुस्थानीत. मोजक्या शब्दांत माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. हे बोलणे बखरकारापर्यंत पोचविले कोणी, असे इतिहासाचा अभ्यासक विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्तच आहे. तथापि, असे उत्तर दत्ताजींच्याच तोंडी शोभते, असे मराठी मनाने मानले व ते जपले, हेही विसरून चालणार नाही.

सदाशिवरावभाऊंच्या वाट्यास असे भाग्य आले नाही. त्यांचे चित्र ज्यांनी रंगविले, त्यांत काशीराज हा एक प्रमुख. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता; म्हणजे आमच्यासारखाच परमुलखात लेखणीची चाकरी करणारा. १७८० च्या सुमारास त्याने पानिपतची हकीकत फारसीत लिहिली. अवजड सामान व बायकामुले मागे ठेवावीत, हा मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचा सल्ला भाऊंनी झिडकारला, असे सांगून तो त्यांच्या माथी अहंकाराचा ठपका ठेवतो. परंतु लढाईच्या तोंडावर, कसेही करून तह घडवून आणावा, अशी भाऊंची चिठ्ठी आपणांस आल्याचेही तोच नमूद करतो. लेखकाचा अभिप्राय एक भाऊ दाखवितो, आणि त्यानेच सांगितलेला प्रसंग दुसरा. वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा? आमच्या मते, प्रसंगावर. कारण अभिप्राय निकालानंतर बनतो.

भाऊंचे तिसरे दर्शन घडते ते त्यांच्या पत्रांतून. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतच्या काळातील पत्रे लोकांपुढे आली. गोविंदपंत बुंदेल्यांस पुनःपुन्हा पैशाची निकड कळविणारा, शत्रूची रसद तोडा म्हणून बजावणारा हा सेनापती आपले चारित्र्य रंगवीत बसलेला नाही. म्हणूनच ते तेथे नकळत उमटते. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंची बाजू हिरिरीने मांडली, ती अशा अस्सल कागदांच्या बळावरच.

आम्हा कारकुनांस या गोष्टीचे महत्त्व विशेष कळावे. वर्षाअखेरीस एखाद्याच्या अहवालात एका ओळीचा शेरा पडतो, आणि पुढे ती ओळ म्हणजेच तो माणूस होऊन बसतो. पूर्वी हा शेरा गोपनीय असे. आता ज्याच्यावर तो लिहिला त्यास दाखवावा लागतो, व त्याविरुद्ध त्यास निवेदनही करता येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या भाऊंस ती सोय नाही. त्यांचे निवेदन त्यांच्या पत्रांतच आहे, आणि ते वाचल्यावाचून शेऱ्याखाली सही करणे आपणांस शोभत नाही.