अकोला

महाराष्ट्राच्या अमरावती महसूल विभागातील जिल्हा व त्याचे मुख्य ठिकाण. शहर २०°४२' उ. अक्षांश व ७७° पू. रेखांशावर, पूर्णेची उपनदी मोर्णा हिच्या काठी, मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसले आहे. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ४,२५,८१७ आणि जिल्ह्याची १८,१३,९०६ होती. मात्र २०१६मध्ये आसपासची गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आल्याने शहराचा हा आकडा आजच्या हद्दीला लागू पडत नाही.

जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व सीमांना अमरावती, दक्षिणेला वाशीम आणि पश्चिमेला बुलढाणा जिल्हा आहे. उत्तरेचा कडा सातपुड्याचा. नरनाळा किल्ला याच कड्यावर उभा आहे. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांचा चढ लागतो. या दोहोंमध्ये पूर्णेचे सपाट, काळ्याभोर मातीचे खोरे पसरले आहे. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिला दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा व मण, तर उत्तरेकडून शहानूर व वाण या नद्या मिळतात.

कापसाने या खोऱ्याला नाव दिले, पण तिथले जगणे ठरते पाण्यावर. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरच्या पट्ट्यात भूजल खारे आहे. विहीर खोदली तरी ते पाणी पिण्यास चालत नाही, आणि ओलितासाठी वापरले तर माती चोपण होते. या खारपाणपट्ट्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर, अकोला व मूर्तिजापूर तालुक्यांतली गावे येतात. जमीन कसदार असूनही शेतकरी पावसावर अवलंबून. खरिपात कापूस, सोयाबीन व तूर, आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे येत आहेत. पिण्यासाठी वाण धरणाचे पाणी नळयोजनांनी उत्तरेकडच्या गावांना दिले जाते. अकोला शहर महान येथील काटेपूर्णा धरणावर विसंबून आहे. ज्या वर्षी ते धरण भरत नाही, त्या वर्षी शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळते.

शहराचा जुना भाग असदगड किल्ल्याभोवतीचा. त्यातले राजेश्वराचे देऊळ हे ग्रामदैवत. श्रावणातल्या सोमवारी भाविक गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी आणून त्याला अभिषेक करतात. जिल्ह्यातल्या अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, १९०३मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि १९५६मध्ये मुंबई राज्यात आले.

शहराची खरी वाढ रुईमुळे झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८६७मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने हा माल मुंबई बंदराला जोडला. त्यापाठोपाठ जिनिंग-प्रेसिंग, सरकीच्या तेलघाण्या व अडती आल्या. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरला जाणारी अरुंद मापी ‘शकुंतला’ रेल्वे हीदेखील कापसासाठीच टाकलेली होती. आता ती बंद आहे.

जिल्ह्यात अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी व मूर्तिजापूर असे सात तालुके आणि पाच विधानसभा मतदारसंघ आहेत. १ जुलै १९९८ रोजी दक्षिणेकडील भाग तोडून वाशीम जिल्हा झाला. शहराची महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१पासूनची. पारस येथे २५० मेगावॅटचे दोन औष्णिक वीजसंच चालतात. १९६९मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही शहरातली सर्वांत मोलाची संस्था होय, कारण कोरडवाहू कापसाचे आणि खाऱ्या जमिनीचे प्रश्न तिच्या कुंपणाबाहेरच सुरू होतात.

खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत विभागला आहे, त्यामुळे त्याच्या योजनाही तीन ठिकाणी तुटक आखल्या जातात. विभागीय आयुक्तालय अमरावतीत आहेच. या पट्ट्याच्या पाण्याचा व मातीचा एकच आराखडा तिथून व्हायला हवा.