स्वतंत्रपुरातल्या चुली
अंजनचोर शेवटी मोक्षाला गेला, हे मंदिरात ऐकताना आपण माना डोलावतो. पण तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला शेजारची खोली भाड्यानं देऊ का? मी तरी कचरेन.

औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाची शिक्षा झालेले कैदीसुद्धा तिथं शेती करत, बायकामुलांसह राहत. यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. जेलरचं कौतुक झालं, ते योग्यच. माझ्या मनात मात्र त्या बायका येतात. खुन्याची बायको म्हणवून घेत, त्या उघड्या माळावर पहिली चूल पेटवताना त्यांना काय वाटलं असेल?