रॅली घराणे आणि ग्रीक भाषेचा मुक्काम

शेतीच्या औषधांच्या दुकानात 'रॅलिस' ही पाटी दिसते, तेव्हा हे एका ग्रीक घराण्याचे आडनाव आहे, याची आठवण क्वचितच कोणाला होते. किऑस बेटावरील या घराण्यातील बंधूंनी १८१८ च्या सुमारास लंडनमध्ये व्यापाराची पेढी घातली. परदेशी जाताना परत येण्याचा विचार मनात असतोच. पण १८२२ मध्ये ऑटोमन सैन्याने किऑसमध्ये भीषण कत्तल केली, हजारो माणसे गुलाम म्हणून विकली गेली, आणि परतीचे गावच उरले नाही. व्यापारी त्या क्षणी निर्वासित झाला.

पेढी मात्र वाढत गेली. १८५१ मध्ये कलकत्त्यात, १८६१ मध्ये मुंबईत तिच्या शाखा निघाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इकडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांत एकाएकी भाव आला. पांडिया रॅली १८३५ पासून लंडनमध्ये ग्रीसचे वाणिज्यदूत होते. पुढच्या पिढीतील पांडेली रॅली तर १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. निर्वासिताच्या घरातून कायदेमंडळात जायला दोन पिढ्या पुरल्या. वकिलाला ही गोष्ट विशेष वाटते, कारण सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही आपल्या भाषेत कागद मिळावा म्हणून अजून अर्ज करावे लागतात.

भाषेचे काय झाले? त्यांच्यामागे सत्ता नव्हती. किऑसची घराणी आपसांत सोयरीक करीत, आणि पेढीचे विश्वासू कारभारीही प्रथम आपल्यातलेच नेमत. म्हणून ग्रीक ही केवळ घरची नव्हे, हिशेबाची व विश्वासाची भाषा राहिली. माझ्या मते हाच खरा आधार होता. स्वयंपाकघरापुरती उरलेली भाषा मुले ऐकतात, पण तीत व्यवहार करीत नाहीत. लग्ने व नेमणुका बाहेर होऊ लागल्या, तेव्हा हे दोन्ही धागे सैल झाले. देवळाचा धागा टिकला. लंडनमधील बेजवॉटरच्या ग्रीक चर्चची पायाभरणी १८७७ मध्ये झाली, ती याच घराण्यातील युस्ट्रॅटिओस रॅली यांच्या हस्ते.

दक्षिण लंडनमधील नॉरवुडच्या दफनभूमीत ग्रीकांनी १८४२ मध्ये आपला स्वतंत्र भाग घेतला. तेथे स्टीफन रॅली यांनी ईटनमध्ये शिकत असताना वारलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिर बांधले. मुलाची शाळा इंग्रज उमरावांची. मंदिराचे खांब मात्र प्राचीन ग्रीक देवळाचे, आणि भोवतालच्या अनेक थडग्यांवरचे लेख ग्रीक अक्षरांत आहेत.